नवा गाभा बसवला, पण चालू कोणता आहे?

आमच्या प्रयोगशाळेत एक सामाईक संगणक आहे. पंधरा-वीस संशोधक विद्यार्थी आपापल्या टेबलावरून त्याच्याशी जोडले जातात, आकडेमोडीचे काम त्याच्यावर सोपवतात आणि घरी जातात. अनेकांची सेवा करणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. त्याच्यासमोर कोणी बसलेले नसते. त्याला पडदा आणि कळफलकही जोडलेला नसतो.

एकदा या सर्व्हरचे नेटवर्क कार्ड रात्री मधूनच बंद पडू लागले. सकाळी पाहावे तर संपर्क तुटलेला आणि रात्रभराची आकडेमोड अर्धवट. शोध घेता लक्षात आले, की लिनक्सच्या गाभ्याची एक नवी आवृत्ती बसवल्यापासून हा त्रास सुरू झाला होता. आम्ही संगणक आधीच्या आवृत्तीवर परत नेला. त्रास थांबला. तीन आठवड्यांनी त्याहून नवी आवृत्ती आली. नेटवर्क कार्डाचा तो दोष तीत दूर केल्याचे सोबतच्या टिपणात लिहिले होते. आम्ही ती बसवली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि त्याच रात्री कार्ड पुन्हा बंद पडले. ‘नव्या आवृत्तीतही दोष तसाच आहे’ असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे झालो.

हा निष्कर्ष चुकीचा होता. नवी आवृत्ती त्या रात्री चाललीच नव्हती. दोषाची तक्रार कळवण्यासाठी एक तक्ता भरायचा होता. त्यात चालू आवृत्तीचा क्रमांक संगणकाला विचारून लिहावा लागे. तो लिहिताना दिसले, की संगणकावर चालू होती ती ना सर्वांत नवी आवृत्ती, ना आमची भरवशाची जुनी. जी टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, नेमकी तीच मधली आवृत्ती चालू होती! हे कसे घडले ते समजण्यासाठी संगणक सुरू कसा होतो ते आधी पाहू.

गाभा म्हणजे काय?

कर्नल म्हटले की लष्करातला अधिकारी डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र कर्नल म्हणजे फळातला गर, गाभा. संगणकाची स्मृती कोणत्या कामाला किती द्यायची, प्रक्रियकाचा वेळ कसा वाटायचा, डिस्क आणि नेटवर्क कार्ड यांच्याशी कसे बोलायचे, कोणाला कोणती फाइल वाचू द्यायची, हे सारे ठरवणारा आज्ञासंच म्हणजे कर्नल. बाकीचे सर्व कार्यक्रम त्याच्या परवानगीने चालतात.

लिनक्स हा असाच एक कर्नल आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ साली तो लिहायला घेतला. पहिली पूर्ण आवृत्ती, म्हणजे १.०, मार्च १९९४ मध्ये आली. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्वच्या सर्व संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालत आले आहेत. अँड्रॉइड फोनच्या पोटातही हाच कर्नल असतो. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सवरच उभी आहे.

कर्नलच्या बाबतीत एक गोष्ट इतर कार्यक्रमांपेक्षा वेगळी असते. शब्दलेखनाच्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती बसवली, की जुनी पुसली जाते. कर्नलचे तसे करत नाहीत. नवा कर्नल जुन्याच्या शेजारी ठेवला जातो. नवा बिघडला तर संगणक सुरू करण्यासाठी जुना हाताशी असावा, हा त्यामागील विचार. साहजिकच एका संगणकावर एकाच वेळी दोन, तीन किंवा अधिक कर्नल असतात. चालू मात्र एकच असतो. मग कोणता चालवायचा हे कोण ठरवतो?

सुरू होण्याची साखळी

डिस्कवरील फाइल वाचण्याचे काम कर्नल करतो, आणि कर्नल स्वतः तर डिस्कवरील एक फाइल आहे. आधी बीज की आधी झाड, असाच हा प्रश्न. स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलण्यासारखे हे काम आहे, म्हणूनच त्याला ‘बूट करणे’ असे नाव पडले.

उत्तर टप्प्याटप्प्याने मिळते. वीज आली, की मुख्य पट्टीवरील चिपमध्ये कायमचा लिहिलेला एक कार्यक्रम जागा होतो. जुन्या पद्धतीत तो डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा तुकडा वाचतो. त्यांपैकी ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या नोंदीसाठी आणि २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. आज्ञांसाठी उरतात अवघ्या ४४६. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने येथे दीडशे चिन्हांचे मराठी वाक्यही मावणार नाही! एवढ्या जागेतील आज्ञा फक्त पुढचा, थोडा मोठा कार्यक्रम उचलून आणतात. यूईएफआय या अलीकडच्या पद्धतीत चिपमधील कार्यक्रम अधिक हुशार असतो. तो एका ठरावीक विभागातील फाइल थेट वाचतो.

हा पुढचा कार्यक्रम म्हणजे बूट लोडर. लिनक्सच्या सर्व्हरवर बहुधा ‘ग्रब’ नावाचा लोडर असतो. तो उपलब्ध कर्नलांची यादी पाहतो. काही सेकंदांत कोणी कळ दाबली नाही, तर ठरवून ठेवलेला कर्नल निवडतो. या ठरवून ठेवलेल्या निवडीला डिफॉल्ट म्हणतात. सर्व्हरपुढे कळ दाबायला कोणी नसतेच, त्यामुळे तेथे डिफॉल्टचा शब्द अंतिम.

निवडलेल्या कर्नलबरोबर लोडर आणखी एक गाठोडे स्मृतीत ठेवतो. त्याचे नाव इनिटरॅमएफएस. डिस्क वाचण्यासाठी लागणारा ड्रायव्हर डिस्कवरच असेल, तर कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखे होईल. तसे होऊ नये म्हणून सुरुवातीला लागणाऱ्या किल्ल्या या गाठोड्यात बांधून दिलेल्या असतात. कर्नल ते सोडतो, मुख्य डिस्क जोडतो आणि पहिला कार्यक्रम सुरू करतो. तेथून पुढे संगणक आपल्या ओळखीचा होतो.

या साखळीत ध्यानात घेण्याजोगे हे, की नवा कर्नल बसवणे ही डिस्कवर घडणारी घटना आहे. स्मृतीत चालू असलेला कर्नल त्याने बदलत नाही. तो बदलतो पुढच्या वेळी संगणक सुरू होताना, आणि तोही लोडरने नव्याची निवड केली तरच.

हजेरी क्रमांकाची गंमत

आता आमच्या चुकीकडे वळू. समजा, वर्गशिक्षकांनी फळ्यावर लिहून ठेवले, ‘रोज हजेरी क्रमांक ३ ने प्रार्थना सांगावी.’ क्रमांक ३ म्हणजे आनंद. काही दिवसांनी वर्गात अजय नावाचा नवा मुलगा आला. हजेरीपट अकारविल्हे नव्याने लिहिला. अजय पहिला झाला, बाकीचे एकेक घर खाली सरकले आणि आनंद चौथा झाला. फळ्यावरची सूचना तीच राहिली, पण प्रार्थना सांगायला उभा राहिला तो पूर्वी दुसरा असलेला मुलगा.

ग्रबच्या यादीत नेमके हेच झाले. ही यादी सामान्यतः सर्वांत नवा कर्नल वर, अशा क्रमाने लिहिली जाते आणि मोजणी शून्यापासून होते. डेबियन कुळातील प्रणालींत सविस्तर यादी एका उपयादीत असते. तीत प्रत्येक कर्नलच्या दोन नोंदी असतात, एक नेहमीची आणि एक दुरुस्तीच्या वेळी वापरण्याची. भरवशाच्या जुन्या कर्नलला क, त्रास देणाऱ्याला ख आणि दोष दूर केलेल्याला ग म्हणू. आम्ही मागे परतलो तेव्हा उपयादी अशी होती :

० : ख
१ : ख, दुरुस्तीसाठी
२ : क
३ : क, दुरुस्तीसाठी

म्हणून आम्ही ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये डिफॉल्ट म्हणून ‘१>२’ असे लिहिले. याचा अर्थ, मुख्य यादीतील नोंद क्रमांक १, म्हणजे उपयादी, आणि तिच्यातील नोंद क्रमांक २. क सुरू झाला, काम भागले. मग ग बसवला आणि यादी आपोआप नव्याने लिहिली गेली :

० : ग
१ : ग, दुरुस्तीसाठी
२ : ख
३ : ख, दुरुस्तीसाठी
४ : क
५ : क, दुरुस्तीसाठी

‘१>२’ ही सूचना जागच्या जागी होती. तिचा अर्थ मात्र आता ख असा झाला होता. संगणकाने आमची आज्ञा तंतोतंत पाळली. नावाऐवजी जागेकडे बोट दाखवण्याची चूक आमची होती. तशीच सूचना ठेवली असती, तर प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर संगणक एक पाऊल पुढे सरकला असता आणि तरी कायम एक पाऊल मागे राहिला असता. आवृत्ती बदललेली दिसत असल्यामुळे कोणाला संशयही आला नसता.

जागा आणि नाव यांचा हा घोळ जुना आहे. पूर्वी ‘लिलो’ नावाचा लोडर प्रचारात होता. त्याला फायलींची नावे वाचता येत नसत. कर्नलचे तुकडे डिस्कवर कोठे पडले आहेत, त्या जागांची टिपणे तो ठेवी. नवा कर्नल बसवल्यावर ‘लिलो’ ही आज्ञा देऊन टिपणे नवी करणे विसरले, तर लोडर जुन्याच जागा चाळत बसे. १९९५ मध्ये एरिक बोलिन यांनी सुरू केलेला ग्रब फाइल नावाने शोधू शकतो. लिलोचे विकसन २०१५ मध्ये थांबले. लोडर नावे वाचायला शिकला, तरी माणसाची क्रमांक लिहिण्याची सवय गेली नाही.

इतर कारणे

नवा कर्नल बसवूनही जुना चालू राहण्याची आणखी काही कारणे आहेत.

पहिले अगदी साधे. संगणक पुन्हा सुरूच केलेला नसतो. ‘अपटाइम’ ही आज्ञा संगणक किती काळ सलग चालू आहे ते सांगते. तो काळ कर्नल बसवल्याच्या दिवसाच्याही मागे जात असेल, तर पुढचा शोध नको.

दुसरे, सूचना बदलली पण यादी नव्याने लिहिली नाही. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल म्हणजे आपण लिहिलेली चिठ्ठी. सुरू होताना ग्रब ही चिठ्ठी वाचत नाही. तिच्यावरून तयार केलेली वेगळी यादी वाचतो. चिठ्ठी बदलल्यावर डेबियन कुळात ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी लागते.

तिसरे कारण फसवे आहे. अनेक सर्व्हरवर ‘/बूट’ हा डिस्कचा स्वतंत्र, लहान विभाग असतो. कर्नल बसवताना तो जोडलेला नसेल, तर नव्या फायली मुख्य डिस्कवरील त्याच नावाच्या रिकाम्या कप्प्यात जाऊन पडतात. लोडर मात्र खऱ्या विभागातच पाहतो आणि तेथे त्याला जुनेच सापडते. पत्र बरोबर नावाच्या, पण दुसऱ्याच घरी पडल्यासारखे हे आहे. हाच विभाग भरलेला असला तर प्रकार अधिक गंभीर होतो. गाठोड्याची फाइल अर्धवट लिहिली गेली, तर नवा कर्नल सुरू होतो, पण मुख्य डिस्क जोडता न आल्याने जागीच थांबतो. एकेक गाठोडे कित्येक दहा मेगाबाइटचे, कधी शंभराच्याही वरचे असते. त्यामुळे जुने कर्नल साठत गेले, की लहान विभाग भरायला वेळ लागत नाही. ‘डीएफ’ ही आज्ञा किती जागा उरली आहे ते दाखवते.

चौथे कारण रेडहॅट कुळातील. तेथे ‘/ईटीसी/सिसकॉन्फिग/कर्नल’ या फाइलमध्ये दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : नवा कर्नल आपोआप डिफॉल्ट करायचा की नाही, आणि कोणत्या जातीचा कर्नल डिफॉल्ट व्हावा. आपण एका जातीचा कर्नल बसवला आणि फाइलमध्ये दुसऱ्या जातीचे नाव असले, तर नवा कर्नल यादीत येतो, पण निवडला जात नाही. डिफॉल्ट कोणता आहे हे ‘ग्रबी --डिफॉल्ट-कर्नल’ या आज्ञेने तेथे कळते.

तीन प्रश्न, तीन साक्षीदार

आमची खरी चूक मात्र यांपैकी कोणतीच नव्हती. तीन वेगळ्या प्रश्नांचे आम्ही एकच उत्तर गृहीत धरले, ही खरी चूक.

१) डिस्कवर कोणकोणते कर्नल आहेत? याचे उत्तर ‘/बूट’ मधील फायलींची यादी देते.
२) पुढच्या वेळी कोणता निवडला जाणार? याचे उत्तर ग्रबने तयार केलेली यादी आणि डिफॉल्टची नोंद देते.
३) आत्ता कोणता चालू आहे? याचे उत्तर केवळ चालू कर्नलच देऊ शकतो. ‘युनेम -आर’ ही आज्ञा दिली, की तो आपला क्रमांक सांगतो.

(आज्ञा आणि फायलींची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्यावीत.)

पहिल्या दोन उत्तरांत फरक पडला, तर दोष निवडीत आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरांत फरक पडला, तर एक तर संगणक पुन्हा सुरू झालेला नाही किंवा लोडर आपण पाहतो त्याहून वेगळी यादी वाचत आहे. अशा रीतीने तीन उत्तरे शेजारी ठेवली, की दोष साखळीच्या कोणत्या कडीत आहे ते बरेचसे कळते.

क्रमांक वाचतानाही जपावे. आवृत्ती क्रमांक हा दशांश अपूर्णांक नव्हे. ५.१० हा ५.९ पेक्षा मोठा आहे, ५.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आला आणि ५.१० त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. येथील टिंब फक्त दोन पूर्णांक वेगळे ठेवते.

एवढी काळजी कशासाठी?

नेटवर्क कार्ड बंद पडते, तेव्हा निदान ते दिसते तरी. सुरक्षेतील भोके दिसत नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधील ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष जाहीर झाला. दोन कामे एकमेकांशी शर्यत लावतील अशी वेळ साधून सामान्य वापरकर्त्याला केवळ वाचण्याची मुभा असलेल्या फायलीत लिहिता येत होते, आणि त्यातून संपूर्ण संगणकाचा ताबा मिळवता येत होता. २००७ सालच्या २.६.२२ या आवृत्तीपासून हा दोष कर्नलमध्ये होता. दुरुस्त कर्नल लगेच उपलब्ध झाला. पण ज्या सर्व्हरवर तो नुसता बसवला गेला आणि चालू जुनाच राहिला, तेथील दार उघडेच राहिले. व्यवस्थापकाच्या वहीत मात्र ‘दुरुस्ती केली’ अशी नोंद झाली असणार. औषध घरात आणून ठेवले म्हणजे ते पोटात गेले असे नव्हे.

दुरुस्ती कशी केली?

ग मध्ये खरोखर दोष नाही याची खात्री होईपर्यंत त्याला डिफॉल्ट करणे धोक्याचे होते. आणि सर्व्हर तर कुलूपबंद खोलीत. यासाठी ग्रबमध्ये एक सोय आहे. ‘ग्रब-रीबूट’ या आज्ञेने एखादा कर्नल फक्त पुढच्या एका खेपेपुरता निवडता येतो. त्यानंतर निवड आपोआप डिफॉल्टवर परतते. कर्नलला ‘पॅनिक=१०’ अशी सूचना देऊन ठेवली, तर पुढे जाणे अशक्य झाल्यावर तो थांबून न राहता दहा सेकंदांनी संगणक पुन्हा सुरू करतो, आणि मग भरवशाचा कर्नल वर येतो. कर्नल निपचित गोठला तर मात्र ही युक्ती चालत नाही. खोलीचे कुलूप उघडावेच लागते.

आम्ही प्रथम क ला क्रमांकाऐवजी नावाने डिफॉल्ट केले. मग ग एका खेपेपुरता निवडला, संगणक पुन्हा सुरू केला आणि सर्वांत आधी ‘युनेम -आर’ विचारले. उत्तर ग आले. आठवडाभर कार्ड एकदाही बंद पडले नाही. नवी आवृत्ती निर्दोष होती, आणि आम्ही तिच्यावर न केलेल्या गुन्ह्याचा ठपका ठेवला होता. शेवटी डिफॉल्ट पुन्हा ० केला, म्हणजे सर्वांत नवा. नाव कायम ठेवण्यातही एक तोटा असतोच. संगणक त्या नावाला चिकटून राहतो आणि पुढे येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या डिस्कवरच पडून राहतात. कारण संपले, की नाव काढायचे, अशी तारखेसह नोंद आम्ही आता वहीत करतो.

वर्गात करण्याजोगे

शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर वरील तीन प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला सांगावे. त्यांपैकी कशानेही संगणकात काही बदलत नाही. संगणक नसेल, तर अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत कर्नलची आवृत्ती बहुधा सापडते. चार-पाच फोनवरचे क्रमांक फळ्यावर लिहून चढत्या क्रमाने लावायला द्यावेत. उदाहरणार्थ, ५.४, ५.१५, ४.१९, ६.१ आणि ५.१०. एकदा दशांश अपूर्णांक समजून आणि एकदा आवृत्ती समजून लावले, की दोन वेगळे क्रम मिळतात. ५.४ ची जागा का बदलते, हे विद्यार्थ्यांनीच सांगावे.

दुसरा खेळ हजेरीपटाचा. ‘क्रमांक ३’ आणि ‘आनंद’ अशा दोन सूचना फळ्यावर लिहाव्यात, हजेरीपटात वरच्या बाजूला एक नाव घालावे आणि कोणती सूचना खरी राहते ते पाहावे. मग आनंदने शाळा बदलली असे समजावे आणि पुन्हा पाहावे. ग्रब अशा वेळी यादीतील पहिली नोंद निवडतो. वर्ग काय करील, ते मुलांना ठरवू द्यावे.